बांधाबाहेरचं शेत

माझ्या हातून जे झालं ते मोबाइलमधल्या एका चौकटीमुळे झालं, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या चौकटीत गट नंबर भरायचा होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आता सांगते, चौकटीचा काही दोष नव्हता. मला घाई झाली होती आणि शहाणपण मिरवायची हौस होती. त्यापायी मी त्रेसष्ट घरांचं भात पाण्यात घालायची वेळ आणली.

मी कमळ. आमचं गाव अलिबागहून एसटीनं पाऊण तासावर, खाडीच्या अंगाला. शेती सगळी खारात, म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून आमच्या पणज्यांनी मिळवलेल्या जमिनीत. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका हाताला पाणी दिसतं आणि दुसऱ्या हाताला भात, आणि भात पाण्यापेक्षा खाली असतं. नवी सून हे पहिल्यांदा बघते तेव्हा तिचा जीव धसकतो. माझाही धसकला होता. तेव्हा अंबाजीकाका, म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते, मला बांधावर घेऊन गेले होते. कुदळीनं चिखलाची चौकोनी ढेप कशी कापायची, ती पोटाशी धरून कशी न्यायची आणि टाचेनं कशी बसवायची हे त्यांनी मला शिकवलं. हा बांध आपण राखला तर तो आपल्याला राखतो, असं ते म्हणाले होते. आमच्या घरात एवढं समजावून सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

बांधाला भगदाड पडलं की आम्ही त्याला खांड म्हणतो. खांड बुजवायला जोळ जातो. जोळ म्हणजे ज्यांची ज्यांची शेतं खारात आहेत त्या सगळ्यांनी मिळून बांध राखायचा, घरटी एक माणूस, मग घरात बाळंतपण असो की लग्न. आणि एक रीत पहिल्यापासून आहे. शेवटची ढेप ज्याच्या शेताच्या तोंडाशी खांड पडली त्या घरानं लावायची, आपल्या स्वतःच्या शेतात उभं राहून. ती ढेप गळली तर जबाब त्यानं द्यायचा. त्रेसष्ट घरांचा हा जोळ माझ्या लग्नात त्रेसष्ट माणसांचा होता. आता पोरं बंदरावर ट्रेलर चालवतात, कंपनीत जातात, आणि जोळाचा निरोप मोबाइलवर वाचून त्याला अंगठा दाखवतात.

कांदळवनाची समिती सहा वर्षांपूर्वी झाली. बांधाच्या बाहेर खाडीत तिवराची झाडं होती, ती आम्ही बायका जळणाला तोडत होतो. समितीनं ते थांबवायचं, नवी झाडं लावायची, आणि त्याबदल्यात बायकांना खेकडे पाळायचे पिंजरे मिळायचे. अध्यक्ष मला केलं, कारण मला गप्प बसता येत नाही. पण काम मी मनापासून केलं, हे माझा दुश्मनही कबूल करील. जिथं बाहेर तिवर दाट होतं तिथं लाट झाडातच मोडत होती आणि आत बांध शाबूत राहत होता. हे मी डोळ्यांनी बघितलं. सहा वर्षांत त्या पट्ट्यात एकही खांड पडली नाही. पाणी तर दरवर्षी वर चाललंय. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाच्या, दगडावर सासऱ्यांनी छिन्नीनं एक खूण केलेली आहे. त्यांच्या वेळी श्रावणातलं मोठं उधाण आलं तरच पाणी तिथं टेकत होतं. आता दर अमावास्या-पौर्णिमेला खूण बुडते. बाहेरून येणारे पाहुणे याला हवामान बदल म्हणतात. आम्ही काही म्हणत नाही, दरवर्षी बांधावर ढेपा चढवतो.

तर दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात समितीला तिवराची तीन हजार रोपं आली. ती महिनाअखेर लावायची आणि त्यांचे फोटो काढून मोबाइलवर चढवायचे होते. नाही तर पिंजरे दुसऱ्या गावाला जाणार होते. आणि त्याच वर्षी वादळानं बांधाबाहेरचा चिखल खरवडून नेला होता. आम्ही दोनशे रोपं लावली, दुसऱ्या भरतीला दोनशेही वाहून गेली. केसर, माझी मैत्रीण आणि समितीची चिटणीस, बांधावर बसून रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाचा राग येतो, म्हणून मी उपाय शोधला.

अंबाजीकाकांच्या शेताला त्याआधीच्या पावसाळ्यात लहानशी खांड पडली होती. खारं पाणी आत येत-जात होतं, सव्वा एकर नुसता चिखल झाला होता. जोळानं दोन दिवसांत बुजवली असती, दिवसही ठरला होता. मी काकांना म्हटलं, एक वर्ष थांबा. रोपं तुमच्या शेतात लावू, तिथं ती वाहून जाणार नाहीत, जरा मोठी झाली की काढून बाहेर बांधापुढं नेऊ. मग खांड बुजवा.

काका अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"तू सांगतेस तं लाव," ते म्हणाले. "झारांचा काय, उद्या दुसरीकरं नेऊ."

रोपं लावली. फोटो काढले. मग ती चौकट आली. बाहेरच्या चिखलाला गट नंबर नसतो, खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. पण काकांच्या शेताला नंबर होता, दोनशे चौदा. मी तो भरला. हिरवी खूण आली. पुढच्या महिन्यात पिंजरे आले, तालुक्याला शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला, आणि ती शाल मी अजून कपाटात वरच्या खणात ठेवली आहे.

तिवरानं त्या शेतात अशी मुळं धरली की सांगता सोय नाही. खत-मातीचं शेत ते. वर्षात कंबरेला आलं. हलवायला गेलो तर मुळं तुटून रोप मरत होतं. मी म्हटलं, अजून एक वर्ष बघू. काकांनी तेही ऐकलं. रघू, जो आता जोळाचा पुढारी आहे, तो मात्र प्रत्येक बैठकीत विचारायचा की खांड कधी बुजवायची. मी त्याला झाडांची आकडेवारी सांगून गप्प करायची. आकडेवारी मला छान सांगता येते.

या वर्षी जुलैच्या उधाणात ती लहानशी खांड पंधरा पावलं रुंद झाली. आता काकांच्या शेतात भरती येत नव्हती, सरळ खाडीच शिरत होती. त्यांच्या शेतामागे एक गुडघ्याएवढी मेर, म्हणजे दोन शेतांमधली मातीची वरंब, आहे आणि मेरेच्या अलीकडे माझं शेत, माझ्यामागे रघूचं, मग बाकी सगळ्यांची. मध्ये दुसरा बांध नाही. आत तिवर होतं म्हणून खांड बुजवायला परवानगी लागणार होती, मी तालुक्याच्या ऑफिसात तातडीनं अर्ज केला. ऑफिसातून शिवानी आली. ती समितीचं काम बघते, पोरगी सरळ आहे, चिखलात उतरायला लाजत नाही. तिनं सगळं बघितलं, मोजलं, आणि तिचा चेहरा पडला.

अर्जाला उत्तर आलं ते भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. गट क्रमांक दोनशे चौदामध्ये कांदळवन असल्याची नोंद आहे, भरतीचं पाणी अडवल्यास ते मरेल, सबब खांड बुजवता येणार नाही. मी शिवानीला फोन लावला आणि जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ते नकाशावर आहे," ती म्हणाली. "आणि नकाशावर तुम्हीच घातलंय."

आदल्या दिवशीच पौर्णिमेचं उधाण मेरेवरून माझ्या शेतात सांडलं होतं. फार नाही, दोन ओळी भिजल्या. भात तेव्हा पोटरीत होतं, दाणा भरायचा होता. त्या दोन ओळी चार दिवसांत कागदासारख्या पांढऱ्या झाल्या. आणि पुढची अमावास्या, सर्वपित्रीची, तिचं उधाण वर्षातलं मोठं. ते पंधरा दिवसांवर होतं. ते मेरेवरून आलं तर सगळा खार जाणार होता. एका वर्षाचं भात तर जाणारच, पण खारं पाणी एकदा मुरलं की तीन पावसाळे जमीन काही देत नाही. आणि तीन वर्षांत तिथं तिवर उगवणार, आपलं आपण, कोणी न लावता. मग तीही नकाशावर जाणार.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक झाली. मी पत्र वाचून दाखवलं. रघू म्हणाला की उद्या सकाळी त्या शेतात म्हशी सोडू, म्हशींना तिवराचा पाला आवडतो आणि म्हशींवर केस घालता येत नाही. लोक हसले. ते हसणं मला आवडलं नाही, माणसं घाबरली की तसं हसतात. मग कोणीतरी म्हणालं की केस म्हशींवर नाही, जमीन अंबाजीची आहे, त्याच्यावर होईल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस अलिबागच्या कोर्टात तारखांना जाईल. अंबाजीकाका मागे भिंतीला टेकून बसले होते. ते आपल्या पायाच्या नखातला चिखल काढत होते.

"नंबर कमळबायनं टाकला," रघू शेवटी म्हणाला. "तिनाच तो निस्तरावा."

मी त्याच्यावर खेकसणारच होते, पण तो खरं बोलत होता. मी पत्राची घडी घातली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी एकटी गेले. ठरवलं होतं, म्हशी नकोत, जोळ नको, मीच उपटणार. लावली मी, उपटणार मी, केस माझ्यावर घ्या. साडी खोचली आणि खांडीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिलं रोप दोन्ही हातांनी ओढलं तर ते हललंसुद्धा नाही. आजूबाजूचा चिखल हातानं उकरला. आत मुळांचं जाळं झालं होतं, एका झाडाचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. घाम यायला लागला. अर्ध्या तासात तीन झाडं निघाली. अठ्ठावीसशेंतली तीन. हाताची सालं गेली आणि मी त्या चिखलात बसून रडले. केसरला मी काय काय बोलले होते ते सगळं मला आठवलं.

अंबाजीकाका मेरेवर उभे होते. कधी आले होते कोण जाणे. मला वाटलं, आता तरी शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. ते हळूहळू खाली उतरले, मी उपटलेलं एक झाड उचललं आणि त्याची मुळं बोटांनी चाचपून बघितली.

"बस झाला," ते म्हणाले. "आता नको उपटू."

मी म्हटलं, मग काय करू? अमावास्या तेरा दिवसांवर आलीय.

"जिथं तिवर हाय तिथं बांद फुटत न्हाय, असा तूच सांगत फिरतेस ना गावभर?" ते म्हणाले. "मग ही झारां ऱ्हाऊ दे पुढं. बांद मागं घेऊ. या मेरंवर."

मला आधी कळेचना. मग कळलं. मेर उंच करायची, तिचाच बांध करायचा, म्हणजे काकांचं शेत बांधाच्या बाहेर. खाडीत. कायमचं.

"आन तुमचा शेत?" मी विचारलं.

"शेत काय पलून जात न्हाय. पान्याखाली ऱ्हाईल."

एवढंच म्हणाले. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि हात धुऊन ये म्हणाले, मिठाचं पाणी जखमेत गेलं तर झोंबेल. मी आयुष्यात बऱ्याच जणांची बोलणी खाल्ली आहेत, पण त्या माणसाच्या न बोलण्यानं मला जेवढं मारलं तेवढं कोणीच मारलं नाही.

शिवानीला विचारलं. तिनं जुने नकाशे काढले आणि दोन दिवसांनी कळवलं की मेर पहिल्यापासून नकाशावर आहे, तिची दुरुस्ती करता येईल, पण तिच्यापुढच्या एकाही झाडाला धक्का लागता कामा नये. म्हणजे ढेपा काकांच्या बाजूनं कापायच्या नाहीत. मी म्हटलं, माझ्या शेतातून कापा. रघूनं माझ्याकडे बघितलं. मेरेलगतचा चार हात रुंद पट्टा, पोटरीतलं भात मी स्वतः विळ्यानं कापून गुरांपुढं टाकलं. कोणी मला मोठं म्हणू नये. जो माणूस सव्वा एकर देत होता त्याच्यासमोर चार हात काय सांगायचे!

बांधाचं काम भांगात करायचं असतं. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही, दुपारी ओहोटी असते आणि माणसाला पाच-सहा तास मिळतात. लांबी सव्वाशे पावलं, उंची गुडघ्यापासून छातीपर्यंत न्यायची, आणि दिवस चार. जेसीबी आणू, असं एकानं सुचवलं. मागच्या साली असाच एक जेसीबी उतरवला होता, तो काढायला दुसरा आणावा लागला आणि दोघांनी मिळून बांधाचा पार चेंदा केला होता. म्हणून कुदळ, पेंढा आणि हात.

अष्टमीला त्रेसष्टांपैकी एकोणीस माणसं आली. त्यातल्या अकरा बायका, बाकी सगळी पन्नाशीपुढची. बाकीच्यांनी मोबाइलवर अंगठे पाठवले. रघू रागानं लाल झाला होता, पण कुदळ त्यानंच पहिली मारली. संध्याकाळी मोजलं, बावीस पावलं झाली होती. चार दिवसांत अठ्ठ्याऐंशी. म्हणजे सदतीस पावलं उघडी राहणार होती, आणि पाण्याला दोन पावलं पुरतात. त्या संध्याकाळी मी काळूरामला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. तो बंदरावर ट्रेलर चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. मी रडत नव्हते, फक्त आकडे सांगितले. सव्वाशे, बावीस, चार दिवस. आणि फोन कट झाला. मी म्हटलं, गेला हाही.

नवमीला सकाळी तो आला. एकटा नाही. गावातले सहा ड्रायव्हर बरोबर आणि टेम्पोभर रिकाम्या गोण्या. कोणाची नोकरी राहिली, कोणाची जाणार होती, मी विचारलं नाही. चिखल गोणीत भरायचा, गोण्या रचायच्या, वरून ढेपा बसवायच्या. अंबाजीकाका मेरेवर बसून सगळ्यांना ओरडत होते. टाच मार, टाच मार, भेगेत पेंढा घाल. दोनदा उठून स्वतः ढेप आणायला गेले आणि दोनदा रघूनं त्यांना परत आणून बसवलं. दशमीला आमचे हात कामातून गेले होते. केसरला ताप होता तरी ती गोण्यांची तोंडं शिवत होती. आणि एवढं करून, रोज दुपारी काम थांबवलं की खांडीतून पाणी आत येऊन पायथ्याशी लागायचं आणि आमच्या डोळ्यांदेखत थोडी माती घेऊन जायचं. आम्ही चार हात चढवत होतो आणि ते एक हात नेत होतं.

एकादशीला दुपारी फक्त मोरी उरली. माझ्या शेतातलं पावसाचं पाणी तिथून काकांच्या शेतात उतरायचं. दीड हात रुंद. माझं पाणी आता पलीकडच्या उघाडीनं काढायचं ठरलं आणि मोरी बुजवायला घेतली. गोण्या बसल्या, पेंढा बसला. शेवटच्या ढेपेची जागा राहिली.

सगळे थांबले. कोणाला काही सांगावं लागलं नाही. अंबाजीकाका उठले. आम्हाला वाटलं, इथंच बांधावर बसून लावतील. रघू ढेप घेऊन पुढंही आला. पण काकांनी धोतर वर खोचलं आणि ते बांधावरून पलीकडे उतरले, खाडीच्या अंगाला.

रघू म्हणाला, काका, वरनंच लावा, पाणी येतंय. खरंच येत होतं. खांडीच्या तोंडाशी ते पांढरं दिसत होतं.

"आपल्या शेतान उभा ऱ्हावून लावाची," काका म्हणाले. "माजा शेत ह्याच हाय."

ते तिवरांच्या मध्ये उभे राहिले. इतकी वर्षं प्रत्येक खांडीला माणूस आतून, भाताच्या बाजूनं ढेप लावत आला. बाहेरून लावणारा मी पहिलाच पाहिला. रघूनं वरून ढेप त्यांच्या हातात दिली. तिचं ओझं त्यांना झेपेना. मी उतरायला निघाले तर काळूरामनं मला धरलं. काकांनी ढेप पोटाशी घेतली, जागेवर ठेवली, तळव्यांनी दाबली, कडा अंगठ्यानं लिंपल्या. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं, मग पोटरीला. ते घाई करत नव्हते. मला वाटतं ते लांबवत होते. शेवटी रघूनं आणि काळूरामनं दोन्ही हात धरून त्यांना वर ओढलं तेव्हा ते गुडघ्यापर्यंत ओले होते. वर येऊन त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पाणी प्यायला मागितलं.

मग अमावास्या. सर्वपित्री. उधाण बरोबर दुपारी बाराच्या सुमाराचं, पितरांना पान ठेवायच्या वेळेचं. दहा वाजल्यापासून त्रेसष्ट घरांतलं जे कोणी गावात होतं ते बांधावर येऊन उभं होतं. आता सगळे आले होते. पाणी खांडीतून आत आलं, तिवरांत शिरलं. शेंडे हलायला लागले. बाहेरच्या जुन्या बांधावर लाट आपटत होती, तो आवाज येत होता, पण आमच्यापर्यंत येईस्तोवर तिचा जोर जात होता. नुसतं पाणी चढत होतं, निमूट, बोट बोट. मी काठी रोवून ठेवली होती. अकरा वाजता एक वीत उरली. साडेअकराला चार बोटं. एका जागी पाझर फुटला तिथं रघू गोणीवर पालथा पडला आणि तसाच पडून राहिला. केसर देवाचं नाव घेत होती. मला देव आठवत नव्हता, मला ती हिरवी खूण दिसत होती.

बारा वाजता दोन बोटं उरली. आणि पाणी थांबलं.

कोणी ओरडलं नाही. माणसं जिथं होती तिथं खाली बसली. कारण हे सगळ्यांना दिसत होतं की हे फक्त या वर्षीचं पाणी आहे.

तेवढ्यात अंबाजीकाका घरून आले. अंघोळ केलेले, हातात केळीचं पान. पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी आणि भात. तो भात त्याच शेताचा होता, शेवटच्या पिकाचा, डब्यात राखलेला. दरवर्षी ते आपल्या शेताच्या कोपऱ्यावर पान ठेवतात. त्यांच्या आजानं ते शेत खाडीतून काढलं, बापानं त्यात पहिलं भात लावलं. तो कोपरा आता छातीभर पाण्याखाली होता. फक्त तिवराचे शेंडे वर होते, मी लावलेल्यांचे.

ते माझ्या काठीजवळ आले. मी बाजूला झाले. ते गुडघ्यांवर बसले, ओल्या बांधावर पान ठेवलं आणि पाण्याकडे बघून हात जोडले. घरात कोणाला निरोप द्यावा तशा आवाजात ते बोलले.

"आजा, बाबा, तिकरं आता तुमाला बसाला जागा न्हाय. पुढच्या वरसापास्नं हितंच या. कमळीच्या बांदावर."

मला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी तिथंच त्यांच्याशेजारी बसले. डाव्या हाताला काकांचं शेत, पाण्यानं भरलेलं. उजव्या हाताला माझं भात, पाण्यापेक्षा खाली, हिरवंगार. खाडीच्या तोंडाशी आता माझं शेत आहे. पुढची खांड पडेल तेव्हा शेवटची ढेप मला लावायची आहे.

रघू गोणीवरून उठून अंग पुशीत आला आणि माझ्यामागे उभा राहून कुठंतरी बघत राहिला. तो काय बघतोय ते मला वळून न बघता कळलं. माझ्या शेतामागे त्याची मेर आहे. तीही गुडघ्याएवढीच आहे.